पोर्ट एकदा उघडा आणि उघडाच ठेवा: टर्मिनलवरून नॅनोशी सिरीयल संवाद

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीएच३४० ही यूएसबीचं सिरीयल करणारी चिप असलेला अर्डुइनो नॅनोचा (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा) क्लोन, त्याला डीएस१८बी२० तापमान सेन्सर, लॅपटॉपवर उबुंटू २२.०४. स्केच (बोर्डावर चालणारा प्रोग्राम) साधं आहे: सिरीयलवरून ‘टी’ अक्षर आणि ओळ संपल्याची खूण आली की तापमान मोजायचं आणि एक ओळ उत्तर म्हणून पाठवायची. अर्डुइनो आयडीईच्या सिरीयल मॉनिटरमध्ये हे व्यवस्थित चालतं. टर्मिनलवरून मात्र ‘इको’ने ‘टी’ पोर्टकडे पाठवलं आणि लगेच ‘कॅट’ने पोर्ट वाचायला घेतला, तर कधी काहीच येत नाही, कधी कचरा येतो, आणि दर वेळी बोर्डावरचा दिवा लुकलुकतो. शेवटी क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) लावून दर पाच मिनिटांनी तापमान फाइलमध्ये लिहायचं आहे.

तुमचं स्केच बरोबर आहे आणि वायरिंगही बरोबर आहे, नाहीतर सिरीयल मॉनिटरमध्येही काही दिसलं नसतं. दिवा लुकलुकतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण निदान तिथेच होतं. बोर्ड दर वेळी रिसेट होतोय. ‘इको’ पोर्ट उघडतो आणि बंद करतो, मग ‘कॅट’ तोच पोर्ट नव्याने उघडतो. म्हणजे दोन रिसेट. तुमचं ‘टी’ पोचलं तेव्हा चिपमध्ये तुमचं स्केच चालूच नव्हतं. त्यात भर म्हणजे पोर्टचा वेग टर्मिनलच्या बाजूने कुणी ठरवलेला नाही, म्हणून कचरा. सिरीयल मॉनिटर या दोन्ही गोष्टी न सांगता करतो: वेग लावतो आणि पोर्ट एकदा उघडून उघडाच ठेवतो.

पुढे कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे सांगेन.

आधी पोर्ट खरोखर हाताशी आहे का ते बघा. केबल लावून ‘डीमेसेज’च्या (लिनक्सच्या कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) शेवटच्या ओळी वाचल्या की ‘सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर आता टीटीवाययूएसबी० ला जोडला’ अशा अर्थाची ओळ दिसली पाहिजे. उबुंटू २२.०४ वर एक खास अडचण आहे आणि तिने कित्येकांचे दिवस वाया गेले आहेत. बोर्ड लावल्यावर पोर्ट क्षणभर दिसतो आणि लगेच गायब होतो. ‘डीमेसेज’मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसतं. हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम आहे. काही ब्रेल उपकरणांमध्ये हीच सीएच३४० चिप असते, यूएसबीवरची ओळखही तीच असते, म्हणून तो तुमचा नॅनो ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो. त्या लॅपटॉपवर ब्रेल डिस्प्ले वापरणारं कुणी नसेल तर हे पॅकेज सरळ काढून टाका. कुणी वापरत असेल तर काढू नका. त्या माणसासाठी तो स्क्रीनच आहे. तेव्हा फक्त त्या एका चिपचा यूडेव्ह (उपकरण लावल्यावर काय करायचं ते ठरवणारी व्यवस्था) नियम बंद करायचा.

तुमच्याकडे पोर्ट उघडतोय, म्हणजे परवानगीचा प्रश्न नसावा. तरी दुसऱ्या मशिनवर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ‘सुडो’ लावून पुढे जाऊ नका. डेबियन-उबुंटूवर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला (‘सुडो अ‍ॅडयूजर’, तुमचं लॉगिन नाव, ‘डायलआउट’), आर्चवर गटाचं नाव ‘यूयूसीपी’ आहे. मग लॉगआउट करून परत आत या; नुसतं नवीन टर्मिनल उघडून गट लागू होत नाही, आणि लोक इथेच अडकतात.

आता रिसेटबद्दल सविस्तर, कारण सगळं त्यावर उभं आहे.

सिरीयल पोर्टला डेटाच्या दोन तारांशिवाय काही नियंत्रणाच्या तारा असतात. त्यातली एक डीटीआर, म्हणजे ‘संगणक तयार आहे’ हे मोडेमला सांगणारी. नॅनो आणि उनो या बोर्डांवर ही तार १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट चिपच्या रिसेट पिनला जोडलेली असते. हेतू चांगला आहे: प्रोग्राम चढवताना कुणाला बटण दाबावं लागू नये. लिनक्स पोर्ट उघडतो तेव्हा डीटीआर कार्यरत करतो, तारेवरचा व्होल्टेज खाली येतो, कपॅसिटरमधून त्याचा एक छोटा धक्का रिसेट पिनला बसतो आणि चिप पहिल्यापासून सुरू होते. आधी बूटलोडर चालतो. तो ‘नवीन प्रोग्राम येतोय का’ म्हणून एक-दोन सेकंद वाट बघतो. या काळात आलेलं तुमचं ‘टी’ बूटलोडर गिळतो, त्याला त्याचा अर्थ कळत नाही आणि ते तिथेच संपतं. मग स्केच सुरू होतं, पण विचारणारं कुणी उरलेलं नसतं.

पोर्ट बंद करताना लिनक्स डीटीआर परत सोडून देतो. त्यामुळे पुढच्या उघडण्याला पुन्हा तोच धक्का. ‘एसटीटीवाय’ या पोर्टच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडमध्ये यासाठी ‘-एचयूपीसीएल’ नावाचा पर्याय आहे: बंद करताना तार सोडू नकोस. तो लावला की दुसऱ्यांदा उघडताना व्होल्टेज बदलत नाही आणि रिसेटही होत नाही. मात्र केबल काढून लावली की हा पर्याय पुन्हा लावावा लागतो, आणि पहिलं उघडणं तरीही रिसेट करतंच. हार्डवेअरमधला उपाय म्हणजे रिसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक रिसेटकडे. धक्का त्यातच मुरतो. नवीन स्केच चढवताना तो काढायचा, नाहीतर अपलोड होणार नाही. कायमच्या जागी बसवलेल्या बोर्डाला मी तो लावतो. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही.

दुसरा भाग टर्मिनलच्या थराचा. पोर्टच्या नावातलं ‘टीटीवाय’ म्हणजे टेलिटाइप. टेलिटाइप मॉडेल ३३ हे १९६३चं यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं आणि त्याच्यासमोर माणूस बसलेला असायचा. लिनक्स आजही असं धरून चालतो की पोर्टच्या पलीकडे टाइप करणारा माणूस आहे. म्हणून तो आलेलं अक्षर माणसाला दिसावं म्हणून परत पाठवतो, ओळ पूर्ण होईपर्यंत ती पुढे देत नाही, ओळ संपल्याच्या खुणा बदलतो, आणि कंट्रोल-एस आलं तर बोलणं थांबवतो. पलीकडे माणूस असेल तर हे सगळं उपयोगाचं आहे. पलीकडे चिप असेल तर यातली प्रत्येक गोष्ट घात करू शकते.

परत पाठवण्याचाच परिणाम बघा. मी एका बोर्डावर आज्ञा ओळखणारं स्केच लिहिलं होतं. न समजलेल्या आज्ञेला ते ‘चूक आज्ञा’ असं उत्तर द्यायचं. ‘कॅट’ने पोर्ट उघडला आणि बोर्डाने सुरुवातीची ‘तयार’ ही ओळ पाठवली. संगणकाने ती प्रतिध्वनीसारखी बोर्डाला परत केली. बोर्डाला ‘तयार’ ही आज्ञा माहीत नव्हती, त्याने ‘चूक आज्ञा’ पाठवलं, तेही परत आलं, त्यालाही ‘चूक आज्ञा’. पाठवण्याचा आणि घेण्याचा असे दोन्ही दिवे सतत पेटलेले आणि स्क्रीनवर तीच ओळ शेकडो वेळा. मी अर्धा दिवस स्केचमध्ये चूक शोधत होतो. चूक संगणकाच्या बाजूला होती आणि ‘एसटीटीवाय’च्या एका शब्दाने सुटली: ‘-इको’, म्हणजे परत पाठवणं बंद.

कंट्रोल-एसची गोष्ट याहून अवघड. भोसरीच्या एका कारखान्यात खोलीचं तापमान नोंदवणारा बोर्ड होता. स्क्रिप्ट विचारायची, बोर्ड पूर्ण अंशातलं तापमान एका बाइटमध्ये पाठवायचा, अक्षरं नाहीत, नुसता आकडा. दोन-अडीच महिने उत्तम चाललं. डिसेंबरात पहाटे नोंदी बंद पडू लागल्या, आणि दिवसा कुणी येऊन केबल काढून लावली की पुन्हा सुरू. थंडीने जोडणी सैल होते असा सगळ्यांचा समज झाला, कनेक्टर बदलले, केबल बदलली. मी लॉग बघितला तर शेवटची नोंद दर वेळी २०. म्हणजे १९ कधीच लिहिलं गेलं नव्हतं. कंट्रोल-एसचा आकडा १९ आहे. बोर्डाने १९ अंश पाठवले की लिनक्स समजायचा, पलीकडचा माणूस ‘थांब’ म्हणतोय. तो बाइट तो स्वतःकडे ठेवायचा आणि बोर्डाकडे काही जाऊ द्यायचा नाही. पुढचे प्रश्न संगणकातच अडून राहायचे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने इको आणि ओळीची वाट बघणं, दोन्ही बंद केलं होतं, पण ‘आयएक्सऑन’ (कंट्रोल-एसने थांबण्याचा पर्याय) तेवढा राहून गेला होता.

म्हणून पर्याय एकेक करून बंद करू नका. ‘रॉ’ हा एकच शब्द ओळींची वाट बघणं, खुणा बदलणं, थांब-चाल हे सगळं एकदम बंद करतो. फक्त इको त्यात येत नाही, तो वेगळा लिहावा लागतो. ‘रॉ -इको’ ही जोडी पाठच करून टाका.

आता तुमचं काम. बॅशमध्ये ते असं होतं:

एक्झेक ३<>/डेव्ह/टीटीवाययूएसबी०
एसटीटीवाय ११५२०० रॉ -इको <&३
स्लीप २
प्रिंटएफ 'टी\एन' >&३
रीड -आर -टी ३ -यू ३ ओळ

स्केचच्या ‘सिरीयल.बिगिन’मध्ये जो आकडा आहे तोच दुसऱ्या ओळीत घाला. ९६०० असेल तर ९६००. तुम्ही पाठवता ते ‘टी’ स्केचमध्ये मोठ्या अक्षरात असेल तर इथेही मोठं. पोर्टच्या नावातलं ‘यूएसबी’ मात्र नेहमी मोठ्या अक्षरांत.

पहिली ओळ पोर्ट वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठी एकदम उघडते आणि त्याला ३ हा क्रमांक देते. स्क्रिप्ट संपेपर्यंत तो उघडाच राहतो. रिसेट इथे एकदाच होतो. दुसरी ओळ उघडलेल्या पोर्टवर वेग आणि ‘रॉ’ लावते. बूटलोडर वाट बघत असतो तोवर हे होऊन जातं. मग दोन सेकंद थांबायचं, म्हणजे स्केच सुरू झालेलं असतं. ‘इको’ऐवजी ‘प्रिंटएफ’ घेतलं, कारण शेवटी नेमकं काय जातं हे त्यात दिसतं. आणि ‘रीड’ला ३ सेकंदांची मुदत दिली. ही मुदत कधीही विसरू नका, नाहीतर केबल सैल झाली की स्क्रिप्ट कायमची तिथे उभी राहील. डीएस१८बी२०ला १२ बिटांचं मोजमाप करायला ७५० मिलिसेकंद लागतात, म्हणून एक सेकंदाची मुदत अगदी काठावर येते. तीन पुरेशी आहे.

उत्तराच्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर असेल. ‘सिरीयल.प्रिंटएलएन’ ओळ संपवताना \आर आणि \एन अशी दोन अक्षरं पाठवतं. ‘रीड’ दुसरं काढतो, पहिलं राहतं. फाइल उघडून बघितली तर सगळं ठीक वाटतं, पण स्क्रिप्टमध्ये तुलना केली की जुळत नाही, आकडेमोड केली की चूक येते. तेवढं एक अक्षर ओळीच्या शेवटातून छाटून मगच पुढे जा. आणि प्रश्न विचारण्याआधी पोर्टमध्ये जुनं काही पडलं असेल तर ते वाचून टाकून द्या: ०.१ सेकंदाच्या मुदतीने ‘रीड’ तोवर चालवायचा जोवर काही येतंय. बोर्ड सुरू होताना एखादी ओळ छापत असेल, तर ती तापमान म्हणून फाइलमध्ये जाते ती याच्या अभावी.

क्रॉनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इथे क्रॉन नको. दर पाच मिनिटांनी नवी स्क्रिप्ट म्हणजे दर पाच मिनिटांनी नवं उघडणं आणि नवा रिसेट. आज स्केच साधं आहे म्हणून चालेल. उद्या त्यात मोजणी ठेवलीत, दिवसाचं कमाल-किमान ठेवलंत, की दर पाच मिनिटांनी ते शून्य होईल. त्याऐवजी एकच स्क्रिप्ट कायम चालू ठेवा: पोर्ट उघडा, मग विचारा, लिहा, ३०० सेकंद झोपा, पुन्हा विचारा. ती सिस्टीमडीची (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करून चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस म्हणून लावा आणि ‘रीस्टार्ट’ला (यातला आर मोठा) ‘ऑलवेज’ द्या. वाचन तीन वेळा सलग मुदतीत आलं नाही तर स्क्रिप्टने स्वतःहून बाहेर पडायचं. सिस्टीमडी ती पुन्हा उठवेल, पोर्ट पुन्हा उघडेल, रिसेट होईल, आणि अडकलेला बोर्डही त्याच धक्क्याने सुटेल. इथे तो रिसेट तुमच्या उपयोगाला येतो.

वेळ नेहमी संगणकाच्या बाजूला लावा, ‘डेट’ने. नॅनोला घड्याळ नाही. आणि स्क्रिप्टचं उत्पादन ‘ग्रेप’सारख्या दुसऱ्या प्रोग्राममधून फाइलमध्ये पाठवणार असाल तर एक लक्षात घ्या: पाइपमध्ये लिहिताना बरेच प्रोग्राम काही किलोबाइट साठेपर्यंत पुढे काहीच देत नाहीत. पाच मिनिटांना एक छोटी ओळ असेल तर फाइल कित्येक तास रिकामी दिसेल आणि तुम्हाला वाटेल बोर्ड मेला. ‘ग्रेप’ला ‘--लाइन-बफर्ड’ सांगता येतं. शक्य असेल तर मधला प्रोग्रामच टाळा.

ही स्क्रिप्ट चालू असताना दुसऱ्या खिडकीत ‘कॅट’ने तोच पोर्ट उघडून बघायचा मोह होईल. तो टाळा. लिनक्स सहसा अडवत नाही, पण आलेली अक्षरं दोघांमध्ये विभागली जातात. काही एकाला, काही दुसऱ्याला. ‘२७.५०’ ऐवजी ‘२.०’सारखं काहीतरी फाइलमध्ये पडलं की समजा कुणीतरी दुसरं ऐकतंय. कोण, ते ‘एफयूजर -व्ही’ला पोर्टचं नाव देऊन कळतं. पुष्कळदा तो मागे चालू राहिलेला आयडीई असतो.

हाताने बोलायचं असेल, म्हणजे स्क्रिप्ट लिहिण्याआधी बोर्डाशी गप्पा मारून बघायच्या असतील, तर मी ‘पिकोकॉम’ वापरतो. ‘पिकोकॉम -बी ११५२००’ आणि पोर्टचं नाव, एवढंच. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग कंट्रोल-एक्स. तुम्ही टाइप केलेलं दिसत नाही याने घाबरू नका, बोर्ड प्रतिध्वनी करत नसेल तर ते दिसणार नाही; कंट्रोल-ए, कंट्रोल-सीने स्थानिक इको चालू होतो. आणि एंटर दाबल्यावर फक्त \आर जातो, तुमचं स्केच \एनची वाट बघत असेल तर ते गप्प बसेल. ‘--ओमॅप सीआरएलएफ’ असा पर्याय दिला की \आरचं \एन होऊन जातं. ‘स्क्रीन’ही चालतो आणि तो बहुतेक मशिनवर आधीच असतो. त्यातून बाहेर पडताना मात्र कंट्रोल-ए आणि मग के दाबून वाय म्हणा. कंट्रोल-ए, डी दाबलंत तर तो नुसता नजरेआड होतो आणि पोर्ट धरून बसतो. मग अपलोड होत नाही आणि कारण सापडत नाही. ‘मिनिकॉम’मध्ये बोर्डाचं बोलणं दिसतं पण तुमचं काहीच जात नाही, असं झालं तर त्याच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल ‘हो’ असतो तो ‘नाही’ करा. तो सीटीएस या ‘पाठव’ सांगणाऱ्या तारेच्या होकाराची वाट बघतो आणि नॅनोवर ती तार जोडलेलीच नसते.

कचऱ्याबद्दल दोन गोष्टी. वेग जुळत नसेल तर कचरा येतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण वेग दोन्हीकडे तोच लिहूनही अधूनमधून एखादं अक्षर बिघडतं, ते का? नॅनोवरच्या १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगा३२८पी चिपला ११५२०० नेमका साधता येत नाही. घड्याळाला पूर्ण संख्येनेच भागता येतं, आणि सगळ्यात जवळचा वेग निघतो ११७६४७; म्हणजे २.१ टक्के जास्त. एका बाइटला सुरुवातीचा, आठ डेटाचे आणि शेवटचा असे दहा बिट असतात, आणि दहाव्या बिटापर्यंत ही चूक साठत जाते. समोरची चिप बरोबर असेल तर २ टक्के खपतात. तिचीही चूक उलट्या दिशेने असेल, किंवा नॅनोवर स्फटिकाऐवजी कमी अचूक रेझोनेटर असेल, तर अक्षरं बिघडू लागतात. ८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या बोर्डाला तर ११५२०० देऊच नये, तिथे चूक ३.५ टक्के होते. ३८४०० द्यावा, तिथे ती ०.२ टक्के आहे. तुम्हाला पाच मिनिटांना एक ओळ पाठवायची आहे, तेव्हा सरळ ९६०० ठेवा. सेकंदाला ९६० अक्षरं जातात. तुमच्या ओळीला दहा मिलिसेकंदही लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट तुम्ही पुढे ईएसपी८२६६ ही वाय-फायची चिप घ्याल तेव्हाची. ती चिप सुरू होताना ११५२०० वर काही ओळी कचरा दिसतो आणि मग तुमचं नीट सुरू होतं. तो कचरा नाही, तो चिपच्या आतल्या रॉमचा निरोप आहे, ७४८८० या वेगाने. रॉम ४० मेगाहर्ट्झचा स्फटिक धरून ११५२०० लावते, बोर्डावर असतो २६चा, आणि त्या प्रमाणात वेग उतरतो. ‘एसटीटीवाय’ हा आकडा सहसा स्वीकारत नाही. पायसिरीयल या पायथनच्या सिरीयल लायब्ररीसोबत येणारा ‘मिनीटर्म’ स्वीकारतो. बोर्ड वारंवार रिसेट होत असेल तेव्हा त्याचं कारण याच ओळींत लिहिलेलं असतं, म्हणून त्या एकदा तरी वाचाव्यात.

शेल कुठवर पुरतं, हेही सांगतो. अक्षरांच्या ओळी असतील तोवर पुरतं. बोर्ड बायनरी पाठवत असेल तर बॅश सोडा, कारण बॅशच्या चलात शून्य बाइट राहूच शकत नाही, तो मधूनच गळतो. तिथे पायथन आणि पायसिरीयल घ्या. तसंच उलट दिशेने मोठी फाइल बोर्डाला पाठवायची असेल तर ‘कॅट’ने ढकलू नका. नॅनोवर येणाऱ्या अक्षरांसाठी ६४ बाइटांची जागा असते. ११५२०० ला ती साडेपाच मिलिसेकंदांत भरते. स्केच ‘डिले’मध्ये असेल तर बाकीचं हरवतं आणि कुणीच तक्रार करत नाही. सीएनसी यंत्रं चालवणारं जीआरबीएल याच चिपवर चालतं. ते प्रत्येक ओळ स्वीकारल्यावर ‘ओके’ म्हणतं, आणि पाठवणाऱ्याने ‘ओके’ आल्यावर पुढची ओळ द्यायची. तुमच्या स्केचमध्येही हीच पद्धत ठेवा, ती अगदी थोड्या ओळींत बसते.

आणखी एक बोर्ड घ्याल तेव्हा ‘टीटीवाययूएसबी०’ हे नाव स्क्रिप्टमध्ये ठेवू नका. कुठला आधी लागला त्यावर शून्य आणि एक ठरतात. ‘/डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी’मध्ये कायमची नावं मिळतात, पण सीएच३४० मध्ये सहसा स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, त्यामुळे दोन नॅनो तिथे एकाच नावाचे होतात. मग ‘बाय-पाथ’ वापरा, म्हणजे कुठल्या यूएसबी खाचेत लावलाय त्यावरून ओळख, आणि त्या खाचेवर चिठ्ठी चिकटवा.

मॅकवर हेच करणाऱ्यांसाठी: ‘टीटीवाय.’ने सुरू होणारं नाव न घेता ‘सीयू.’ने सुरू होणारं घ्या, पहिलं मोडेमच्या होकाराची वाट बघत अडकू शकतं. आणि पोर्टचं नाव ‘एसटीटीवाय’ला द्यायचं झालं तर लिनक्सवर मोठा एफ, मॅकवर छोटा.

एवढं करूनही काही आलं नाही तर बोर्ड बाजूला ठेवून फक्त संगणकाची बाजू तपासा. वेगळा यूएसबी-सिरीयल अडॅप्टर असेल तर त्याच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) पिना एका जंपरने जोडा आणि ‘पिकोकॉम’मध्ये टाइप करा. टाइप केलेलं दिसलं आणि जंपर काढल्यावर बंद झालं, तर संगणक, ड्रायव्हर, परवानगी, केबल सगळं ठीक आहे. नुसत्या नॅनोवर हे करायचं असेल तर रिसेट पिन तारेने ग्राउंडला धरून ठेवा, म्हणजे चिप गप्प राहते, आणि मग टीएक्स-आरएक्स जोडा. काहीच दिसलं नाही तर आधी केबल बदला. चार्जरबरोबर आलेल्या पुष्कळ केबलींत डेटाच्या तारा नसतातच. तशी केबल असेल तर ‘डीमेसेज’मध्येही एक ओळ उमटत नाही.

शेवटी फाइलमध्ये काय जातं त्यावर लक्ष ठेवा. डीएस१८बी२० ला वीज नुकतीच मिळालेली असते आणि मोजमाप पूर्ण होण्याआधी कुणी वाचलं, तर तो ८५ अंश सांगतो. ती त्याची सुरुवातीची नोंद आहे. नेहमीच्या लायब्ररीत सेन्सर सापडलाच नाही तर −१२७ येतं. दोन्ही आकडे दिसायला तापमानासारखेच असतात आणि आलेखात गेले की सगळी सरासरी बिघडवतात. फाइलमध्ये लिहिण्याआधी स्क्रिप्टमध्येच ते अडवा, पण फेकून देऊ नका, वेळेसकट वेगळ्या फाइलमध्ये लिहा. −१२७ एकाच वेळेला वारंवार येत असेल तर त्या वेळी शेजारी कुठली मोटर किंवा पंप सुरू होतो ते बघा, आणि सेन्सरच्या डेटा तारेवरचा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर नीट डाग दिलेला आहे का तेही.